टक्कल : कारणे, उपचार आणि अपेक्षांच्या मर्यादा

डोक्यावरचे केस विरळ होणे ही त्वचारोगतज्ज्ञांकडे रोज येणारी तक्रार आहे, आणि तिच्यापायी जितका पैसा खर्च होतो त्या मानाने तिच्याविषयीचे नेमके ज्ञान सामान्य वाचकापर्यंत फारच थोडे पोचलेले आहे. मराठीत हा विषय बहुतांशी तेलाच्या बाटलीवरच्या मजकुरात, पुरवण्यांमधल्या घरगुती उपायांच्या सदरांत आणि टकलावरच्या विनोदांत भेटतो. केस नेमके कोणत्या कारणाने जातात हा प्रश्न त्यांपैकी कोठेच फारसा विचारला जात नाही. प्रस्तुत ग्रंथ त्या प्रश्नापासून सुरू होतो. अनुवंशिक टकलावर आज जे उपचार कसोटीला उतरलेले आहेत ते प्रामुख्याने असलेले केस राखण्याचे उपचार असून, गेलेले परत मिळवून देण्याची त्यांची ताकद मर्यादित आहे. एवढी एक गोष्ट नीट उमजली की कोणता उपचार, केव्हा, किती काळ, किंवा मुळात उपचार हवाच का, हे ठरवणे पुष्कळ सोपे होते.

विषयाचा पाया केसाच्या जीवनक्रमात आहे. त्वचेतील ज्या सूक्ष्म खळगीतून केस उगवतो तिला रोमकूप म्हणतात. मनुष्याच्या टाळूवर असे सुमारे एक लाख रोमकूप असतात आणि प्रत्येकाचे वेळापत्रक स्वतंत्र चालते. वाढीचा काळ साधारण दोन ते सहा वर्षांचा, त्यानंतर दोन-तीन आठवड्यांचा संक्रमणाचा, आणि मग सुमारे तीन महिन्यांचा विश्रांतीचा, ज्याच्या अखेरीस जुना केस गळून त्याच जागी नवा उगवू लागतो. म्हणूनच रोज पन्नास ते शंभर केस गळणे ही निरोगी टाळूची खूण आहे आणि कंगव्यात अडकलेले केस मोजून घाबरणे निरर्थक आहे. अनुवंशिक टकलात, ज्याला वैद्यकात अँड्रोजेनेटिक अलोपेशिया म्हणतात, केस मुळासकट नाहीसे होत नाहीत. दर फेरीला वाढीचा काळ आखूड होत जातो, रोमकूप आक्रसतो, आणि जाड काळ्या केसाऐवजी बारीक, फिकट, आखूड लव उगवू लागते. पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठातील जॉर्ज कोट्सारेलिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये दाखवून दिले की टकलाच्या जागी केसांच्या मूलपेशी शिल्लक असतात, मात्र त्यांच्यापासून घडणाऱ्या पुढच्या टप्प्यातील पेशी फार कमी होतात. म्हणजे यंत्रणा जागेवर असते, ती चालत नाही. दीर्घकाळ बंद पडलेली ही यंत्रणा पुन्हा सुरू करणे आजच्या औषधांना जवळजवळ साधत नाही, आणि कुरकुरत चालू असलेली ती चालू ठेवणे मात्र बऱ्याच प्रमाणात साधते. उपचारांच्या परिणामांविषयी या ग्रंथात जे जे सांगितले आहे त्याचा उलगडा या एका फरकातून होतो.

प्रत्येक केसगळती म्हणजे टक्कल नव्हे, हे सांगण्यासाठी फार दूर जायला नको. २०२४ च्या डिसेंबरअखेरीस आणि २०२५ च्या जानेवारीत बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्यातल्या काही गावांत स्त्रिया, पुरुष आणि मुले यांचे केस काही दिवसांत मुठीमुठीने हाती येऊ लागले आणि कित्येकांची डोकी तुळतुळीत झाली. प्रारंभी संशय पाण्यावर, शाम्पूवर आणि बुरशीवर गेला. पुढे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पथकांनी तपासणी केली, आणि विंचूदंशावरील कामासाठी प्रसिद्ध असलेले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी खाण्यातल्या गव्हामधील सेलेनियमचे अतोनात प्रमाण व रुग्णांच्या शरीरातील जस्ताची कमतरता हे कारण मांडले. अनेकांचे केस काही आठवड्यांत पुन्हा उगवू लागले. विषबाधेची गळती आणि अनुवंशिक टक्कल यांतील अंतर याहून स्पष्ट दिसणे कठीण. पहिली झपाट्याने येते, सर्वांना सारखीच गाठते आणि कारण दूर झाल्यावर ओसरते. दुसरे वर्षानुवर्षे, ठरावीक आकृतीत आणि न दुखता पुढे सरकते.

या दोहोंच्या मध्ये इतर अनेक प्रकार आहेत. डेंग्यू, टायफॉइड किंवा कोविड यांसारखा ताप, बाळंतपण, मोठी शस्त्रक्रिया किंवा उपासमारीच्या वळणावरचा आहार यांनंतर दोन-तीन महिन्यांनी होणारी भरघोस गळती बहुधा सहा महिन्यांत आपोआप थांबते. तिला टेलोजेन एफ्लुव्हियम म्हणतात, आणि नेमक्या याच गळतीच्या काळात घेतलेल्या कोणत्याही तेलाला वा गोळीला नंतर यशाचे श्रेय मिळून जाते. चाई, म्हणजे नाण्याएवढे गोल चट्टे पडून केस जाणे, हा शरीराच्या प्रतिकारशक्तीने स्वतःच्याच रोमकुपांवर केलेला हल्ला आहे आणि त्याची औषधे पूर्णपणे वेगळी आहेत. काही आजारांत रोमकूप जळून तेथे व्रण उरतो. त्या ठिकाणी विलंब म्हणजे कायमचे नुकसान. शिवाय रक्तक्षय, थायरॉइडचे विकार, गजकर्ण, घट्ट वेण्यांचा ताण हे आहेतच. त्वचारोगतज्ज्ञ टाळूवर भिंग ठेवून पाहतो तेव्हा तो मुख्यत्वे शेजारशेजारच्या केसांच्या जाडीतील विषमता शोधत असतो, कारण जाड आणि बारीक केसांची सरमिसळ ही अनुवंशिक टकलाची सर्वांत भरवशाची खूण आहे. ही पाच मिनिटांची तपासणी टाळून सुरू केलेला उपचार अंदाजपंचे असतो.

टकलावरील इलाजांचा इतिहास माणसाच्या लेखनाइतकाच जुना आहे आणि बराचसा केविलवाणा आहे. इसवी सनापूर्वी सुमारे १५५० मधील इजिप्तच्या एबर्स पपायरसमध्ये पाणघोडा, मगर, बोका, साप अशा प्राण्यांच्या चरबीचे लेप दिलेले आहेत. हिपोक्रेटिसच्या सूत्रांमध्ये मात्र एक निरीक्षण आहे जे दोन हजार वर्षांहून अधिक काळ कोणी पुढे नेले नाही : खच्ची केलेल्या पुरुषांना टक्कल पडत नाही. भारतीय परंपरेत सुश्रुतसंहितेच्या क्षुद्ररोगांच्या प्रकरणात रोमकुपातील पित्त वातासह केस पाडते आणि त्यानंतर रक्तासह कफ त्या रोमकुपाचे तोंड बुजवतो, म्हणून नवा केस येत नाही, अशी उपपत्ती मांडलेली आहे. इंद्रलुप्त आणि खालित्य या संज्ञा तेथे येतात. चिकित्सास्थानात त्यावर शिरावेध, टोचून रक्त काढणे आणि त्या जागी गुंजेसारख्या तीव्र द्रव्यांचा लेप लावणे सांगितले आहे. या वर्णनात आधुनिक शोधांची बीजे शोधण्याचा मोह अनेकांना होतो. त्याला फारसा आधार नाही, कारण ग्रंथकारांसमोर चाईचे आणि अनुवंशिक टकलाचे रुग्ण वेगवेगळे मांडलेले नव्हते. तरीही केस जाणे आणि नवा न येणे या दोन स्वतंत्र घटना मानण्याची त्यांची दृष्टी आजच्या अभ्यासकालाही थांबून पाहावीशी वाटेल अशी आहे.

हिपोक्रेटिसचे निरीक्षण विज्ञानाच्या पातळीवर नेले ते अमेरिकन शरीररचनाशास्त्रज्ञ जेम्स हॅमिल्टन यांनी. १९४२ मध्ये त्यांनी वयात येण्यापूर्वीच ज्यांचे वृषण काढलेले किंवा निकामी झालेले होते अशा पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांना टक्कल पडलेले नव्हते. मात्र टेस्टोस्टेरॉन दिल्यावर, ज्यांच्या घराण्यात टक्कल होते त्यांचे केस जाऊ लागले आणि ज्यांच्या घराण्यात नव्हते त्यांचे राहिले. पुरुषी संप्रेरक, अनुवंश आणि वय या तिन्हींचा संगम झाल्याशिवाय टक्कल पडत नाही हा निष्कर्ष आजही उभा आहे. हॅमिल्टन यांनी १९५१ मध्ये टकलाच्या पायऱ्या आखल्या, ओटार नॉरवूड यांनी १९७५ मध्ये त्या सुधारल्या, आणि कपाळाच्या कोपऱ्यांपासून डोक्याभोवती उरलेल्या घोड्याच्या नालासारख्या पट्ट्यापर्यंतची सात पायऱ्यांची ती मांडणी आज प्रत्येक दवाखान्याच्या भिंतीवर दिसते. टक्कल मामाकडून येते हा आपल्याकडचा समज अर्धा खरा आहे. संप्रेरकाला प्रतिसाद देणारे एक महत्त्वाचे जनुक एक्स गुणसूत्रावर, म्हणजे पुरुषाला आईकडूनच मिळणाऱ्या गुणसूत्रावर असते. परंतु ब्रिटनमधील सुमारे ५२ हजार पुरुषांच्या माहितीवर २०१७ मध्ये झालेल्या अभ्यासात टकलाशी संबंधित अडीचशेहून अधिक जनुकीय जागा आढळल्या, आणि त्यांपैकी बहुतेक अन्य गुणसूत्रांवर आहेत. मामाच्या डोक्याकडे पाहून भाच्याने निश्चिंत होणे किंवा खचणे दोन्ही अकाली ठरते.

आजच्या औषधोपचाराचे दोन आधारस्तंभ आहेत आणि दोन्ही टकलावरचे औषध शोधताना सापडलेले नाहीत. पहिल्याची कथा डॉमिनिकन प्रजासत्ताकातील सालिनास या खेड्यात सुरू होते. तेथील काही मुले जन्मतः मुलींसारखी दिसत आणि वयात येताना पुरुष होत. ज्युलियन इम्पेराटो-मॅक्गिन्ली यांनी १९७४ मध्ये दाखवले की या मुलांमध्ये टेस्टोस्टेरॉनचे डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन या अधिक तीव्र संप्रेरकात रूपांतर करणारे ५-अल्फा रिडक्टेज हे विकर अनुवंशाने कमी असते. प्रौढपणी त्यांची प्रोस्टेट ग्रंथी लहान राहत होती आणि त्यांच्या कपाळावरचे केस मागे सरकत नव्हते. औषधनिर्मात्यांचे लक्ष आधी प्रोस्टेटकडे गेले. त्या विकराला अडवणारे फिनास्टेराइड १९९२ मध्ये प्रोस्टेटच्या वाढीसाठी ५ मिलिग्रॅममध्ये, आणि १९९७ च्या अखेरीस पुरुषांच्या टकलासाठी १ मिलिग्रॅममध्ये अमेरिकेत मान्य झाले. रक्तातील डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन ते सुमारे ७० टक्क्यांनी खाली आणते. याच विकराचे दोन्ही प्रकार अडवणारे ड्युटास्टेराइड अधिक प्रबळ आहे. दक्षिण कोरिया आणि जपान येथे ते टकलासाठी मान्य आहे, अमेरिकेत नाही.

दुसरे औषध मिनॉक्सिडिल हे अमेरिकेतील अपजॉन कंपनीने हट्टी उच्च रक्तदाबासाठी आणले. ते पोटात घेणाऱ्यांच्या कपाळावर, गालांवर, हातांवर केस उगवू लागले. हा दुष्परिणाम टाळूवर वळवता येईल ही कल्पना गुंटर कान आणि चार्ल्स चिडसी या डॉक्टरांना सुचली आणि तिच्या हक्कावरून कंपनीशी त्यांचा दीर्घ वाद झाला. लावण्याचे २ टक्के द्रावण १९८८ मध्ये पुरुषांसाठी व १९९१ मध्ये स्त्रियांसाठी मान्य झाले. टाळूत असलेले सल्फोट्रान्सफरेज हे विकर त्याला कार्यक्षम रूपात आणते. हे विकर प्रत्येकात सारख्या प्रमाणात नसते, म्हणून एकाच बाटलीने एकाला गुण येतो आणि दुसऱ्याला नाही. औषध विश्रांतीतील रोमकुपांना घाईने वाढीत ढकलते, आणि त्यामुळे पहिल्या दोन ते आठ आठवड्यांत जुने केस एकदम गळतात. हे न सांगता बाटली हाती दिली की बरेच लोक ती नेमकी याच टप्प्यावर फेकून देतात. वापरण्याची पद्धतही निष्काळजीपणे सांगितली जाते. औषध केसांना लावायचे नसते, कोरड्या टाळूला लावायचे असते. भांग पाडत पाडत, एका वेळी १ मिलिलिटर, आणि नंतर हात धुवून. घरात मांजर असेल तर अधिक जपावे लागते, कारण चाटण्यातून पोटात गेलेले थोडेसे मिनॉक्सिडिलही मांजराच्या जिवावर बेतू शकते.

या दोन औषधांकडून काय मिळते याविषयी आकडे बोलके आहेत. फिनास्टेराइडच्या १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत १,५५३ पुरुष होते. प्रमाणित छायाचित्रांच्या तुलनेत दोन वर्षांनी औषध घेणाऱ्यांपैकी ६६ टक्क्यांची स्थिती सुधारलेली दिसली, तर दिखाऊ गोळी घेणाऱ्यांपैकी ७ टक्क्यांची. सुधारणा म्हणजे वीस वर्षांपूर्वीचे डोके परत मिळणे नव्हे, आणि चाचणीतले पुरुष सौम्य ते मध्यम टकलाचे होते हेही विसरता कामा नये. दोन्ही औषधांचा गुण दिसायला चार ते सहा महिने लागतात, खरा अंदाज वर्षाने येतो, आणि औषध थांबवले की काही महिन्यांत मिळवलेले सारे जाते. ‘कोर्स पूर्ण झाला’ हे वाक्य या रोगात कधीच खरे नसते. मधुमेहाची किंवा रक्तदाबाची गोळी जन्मभर घ्यावी लागते हे ज्या घरात सहज मान्य होते त्याच घरात केसांच्या औषधाची ही अट ऐकून फसवणूक झाल्यासारखे वाटते. त्यात रुग्णाचा दोष नाही. अट आधी सांगितली गेलेली नसते.

दुष्परिणामांच्या प्रश्नावर ग्रंथाने अधिक पाने खर्च केली आहेत आणि ते योग्यच आहे. फिनास्टेराइडच्या मूळ चाचण्यांत लैंगिक तक्रारी ३.८ टक्के पुरुषांत आढळल्या, दिखाऊ गोळी घेणाऱ्यांत २.१ टक्के. फरक लहान आहे, पण शून्य नाही. २०१२ पासून अमेरिकेतील माहितीपत्रकात औषध थांबवल्यावरही काहींच्या तक्रारी टिकून राहिल्याची नोंद आहे, आणि २०२५ मध्ये युरोपीय औषध नियामकांनी आत्महत्येचे विचार हा दुष्परिणाम म्हणून मान्य केला. दुसऱ्या बाजूला, इटलीतील २००७ च्या एका अभ्यासात प्रोस्टेटसाठी ५ मिलिग्रॅम घेणाऱ्यांपैकी ज्यांना लैंगिक दुष्परिणामांची कल्पना दिली होती त्यांच्यात तक्रारी ४३.६ टक्के, तर ज्यांना दिली नव्हती त्यांच्यात १५.३ टक्के होत्या. भीतीने लक्षणे वाढतात हे यावरून सिद्ध होते; लक्षणे केवळ भीतीची असतात हे सिद्ध होत नाही. समाजमाध्यमांवर हे औषध एकतर अमृत असते किंवा विष, आणि दवाखान्यात अनेकदा दुष्परिणामांचा उल्लेखही न करता ते चिठ्ठीत लिहिले जाते. नैराश्याचा पूर्वेतिहास, मूल होण्याची इच्छा आणि चाळिशीनंतरची प्रोस्टेटची रक्ततपासणी, जिचे मूल्य हे औषध साधारण निम्मे दाखवते, यांविषयी विचारल्याशिवाय ते सुरू होऊ नये. गर्भवतीच्या पोटातील मुलग्याच्या जननेंद्रियांच्या वाढीला त्यापासून धोका असल्याने ते घेणाऱ्याने रक्तदानही करावयाचे नसते.

शस्त्रक्रियेची परंपरा स्वतंत्र आहे आणि तिचे मूळ जपानमध्ये आहे. शोजी ओकुदा यांनी १९३९ मध्ये केसांसह त्वचेचे बारीक तुकडे बसवण्याची पद्धत वर्णिली, परंतु युद्धामुळे ती पाश्चात्त्यांपर्यंत पोचली नाही. न्यूयॉर्कचे नॉर्मन ओरेंट्राइख यांनी १९५९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामातून या शास्त्राचा मूळ नियम सांगितला : मानेच्या वरच्या बाजूचा केस टकलाच्या जागी लावला तरी तो आपल्या मूळ जागेचाच स्वभाव ठेवतो. त्या काळचे ४ मिलिमीटरचे तुकडे बाहुलीच्या केसांसारखे झुपक्यांनी दिसत. नंतर सूक्ष्मदर्शकाखाली एक ते चार केसांचे नैसर्गिक पुंजके वेगळे काढण्याची पद्धत आली. आज डोक्यामागील त्वचेची पट्टी काढून ते सोडवतात किंवा मिलिमीटरभर व्यासाच्या नळीने एकेक पुंजका उचलतात. पट्टीच्या पद्धतीत रेघेचा व्रण राहतो, दुसरीत ठिपके विखुरलेले राहतात. कोणती श्रेष्ठ यावर दवाखान्यांच्या जाहिराती जितक्या तावातावाने बोलतात तितके महत्त्व त्या फरकाला नाही. महत्त्व आहे ते मागच्या केसांचा साठा मर्यादित असण्याला. तेविसाव्या वर्षी कपाळाची रेघ खाली आणण्यात तो खर्च केला आणि पस्तिशीत मधला भाग गेला तर पुढे केसांची एक बेटासारखी पट्टी आणि मागे मोकळे मैदान असे विचित्र डोके उरते. म्हणूनच विवेकी शल्यचिकित्सक तरुणाला आधी औषधावर थांबवतो. लावलेले केसही पहिल्या काही आठवड्यांत गळतात आणि तीन-चार महिन्यांनी उगवू लागतात, हे इस्तंबूलला जाऊन शस्त्रक्रिया करून येणाऱ्यालाही परतीच्या विमानात चढण्यापूर्वी ठाऊक असलेले बरे.

स्त्रियांचा प्रश्न अनेक पुस्तकांत शेवटच्या दोन पानांत उरकला जातो, तसे येथे केलेले नाही. एरिख लुडविग यांनी १९७७ मध्ये दाखवून दिल्याप्रमाणे स्त्रीच्या कपाळावरची रेघ बहुधा शाबूत राहते आणि माथ्यावरचा भांग रुंदावत जातो. वेणीचे शेपूट झाले, ही तक्रार डॉक्टरांनी नुसत्या नजरेने टाळूकडे पाहून उडवून लावण्याचा अनुभव म्हणूनच इतका सार्वत्रिक आहे, कारण टाळू उघडी दिसू लागण्याआधीच बरेच केस गेलेले असतात. स्त्रियांमध्ये संप्रेरकांचा वाटा पुरुषांइतका सरळ नाही. रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रियांवर १ मिलिग्रॅम फिनास्टेराइडची चाचणी अपयशी ठरली. स्त्रियांमध्ये लोहाची कमतरता, थायरॉइड आणि पाळीच्या अनियमिततेसह येणारा पीसीओएस आधी तपासावा लागतो, आणि मुख्य औषध मिनॉक्सिडिलच राहते. सामाजिक बाजूने पाहता फरक याहून मोठा आहे. महाराष्ट्रात स्त्रीचे बोडके डोके हे शतकानुशतके वैधव्याची लादलेली खूण होती. १८९० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतील नाभिकांनी विधवांचे केशवपन न करण्याचा निर्धार केला, तो या प्रथेविरुद्धच्या लढ्यातला एक अभिमानाचा क्षण आहे. प्रथा गेली, पण पुरुषाच्या टकलावर हसून विषय संपवणारा समाज स्त्रीच्या विरळ केसांवर अजूनही कुजबुजतो, आणि लग्न ठरण्याच्या वयात त्या कुजबुजीची किंमत एकाच बाजूला मोजावी लागते.

या मुख्य प्रवाहांच्या काठाने तिसरा एक वर्ग वाढत आहे, ज्यात पुरावा आणि उत्साह यांचे प्रमाण व्यस्त आहे. रुग्णाचेच रक्त फिरवून त्यातील प्लेटलेटयुक्त भाग टाळूत टोचण्याची पीआरपी पद्धत काहींना उपयोगी पडते, परंतु रक्त किती, फिरवायचे किती, टोचायचे किती वेळा, याचा एकच सर्वमान्य आराखडा नसल्याने एका दवाखान्याचा निकाल दुसऱ्याला लागू होत नाही. लाल प्रकाशाच्या टोप्या आणि कंगवे थोडा लाभ देतात आणि बराच खर्च मागतात. टाळूवर बारीक सुयांचे रूळ फिरवण्याच्या उपचाराचा जगभर उद्धृत होणारा प्रारंभिक अभ्यास मुंबईत, शीवच्या लोकमान्य टिळक महापालिका वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. रचिता धुरत आणि सहकाऱ्यांनी केला व तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. शंभर पुरुषांत बारा आठवड्यांनंतर मिनॉक्सिडिलसह सुया वापरणाऱ्या गटात ठरावीक जागेतील केसांची वाढ सरासरी ९१, तर केवळ मिनॉक्सिडिलच्या गटात २२ आढळली. बारा आठवडे हा केसांच्या हिशेबात अल्प काळ आहे आणि निष्कर्षाला मोठ्या, दीर्घ चाचण्यांचा आधार हवा. तरीही महापालिकेच्या रुग्णालयातील साध्या साधनांनी केलेल्या कामाने जगाला नवा प्रश्न दिला, ही गोष्ट नोंदवण्यासारखी आहे.

घरगुती उपायांविषयी ग्रंथाची भूमिका उपहासाची नाही. माका, आवळा, जास्वंद आणि नारळाचे तेल यांनी केसाचा पृष्ठभाग मऊ राहतो, तुटणे कमी होते, आणि आजीच्या हातची चंपी सुखदच असते. आक्रसलेला रोमकूप त्यामुळे पुन्हा मोठा होत असल्याचा पुरावा मात्र नाही. बायोटिनच्या गोळ्यांचे तसेच. त्याची खरी कमतरता दुर्मीळ आहे, आणि मोठ्या मात्रेत ते थायरॉइडच्या व हृदयविकाराच्या रक्तचाचण्यांचे आकडे बिघडवू शकते, असा इशारा अमेरिकी नियामकांनी २०१७ मध्ये दिला. भारतातील औषध नियमांच्या अनुसूची ‘जे’मध्ये, म्हणजे जे आजार बरे करण्याचा दावा औषधाने करू नये त्यांच्या यादीत, टक्कल आहे. असे असताना एसटी स्टँडच्या भिंतीपासून मोबाइलच्या पडद्यापर्यंत हा दावा राजरोस चालतो.

या ग्रंथाची निकड आज वाढण्याची कारणे येथूनच निघतात. विशीतला तरुण आता डॉक्टरकडे जाण्याआधी एखाद्या अ‍ॅपवर चार प्रश्नांची उत्तरे देतो आणि त्याच्या दारात दरमहा पेटी येऊन पडते, जिच्यात बरेचदा मिनॉक्सिडिल आणि फिनास्टेराइड यांचे एकत्र द्रावण असते. उच्च रक्तदाबाच्या जुन्या गोळीचे अल्प मात्रेतील पुनरागमन, म्हणजे मान्य उपयोगाबाहेर दिले जाणारे पोटातले मिनॉक्सिडिल, गेल्या काही वर्षांत झपाट्याने पसरले आहे. ते स्वस्त व सोयीचे आहे, पण अंगावर केस वाढणे, पायांवर सूज, धडधड यांची जाणीव ठेवूनच घ्यावयाचे. केशरोपणाची दुकाने गल्लीगल्लीत उघडली आहेत. २०१९ मध्ये मुंबईत अशा शस्त्रक्रियेनंतर एका उद्योजकाचा मृत्यू झाला, आणि राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाला २०२२ मध्ये स्पष्ट करावे लागले की कार्यशाळेत शिकलेल्या किंवा चित्रफिती पाहिलेल्या कोणीही हे काम करू नये, ते प्रशिक्षित नोंदणीकृत डॉक्टरांचेच आहे. जी गोष्ट सांगण्याची गरजच पडू नये ती आयोगाला लिहून द्यावी लागली, यावरून क्षेत्राची अवस्था कळते.

पुढे काय, याचे उत्तर देताना ग्रंथ संयम राखतो. टाळूपुरतेच संप्रेरक अडवणारी नवी औषधे चाचण्यांत आहेत, आणि झोपलेल्या मूलपेशींना जागवण्याचे प्रयत्न चालू आहेत. डरहॅम विद्यापीठातील कॉलिन जहोदा यांच्या टाळूतील रोमकुपाच्या तळाच्या पेशी त्यांच्या पत्नी आणि सहसंशोधक अमांडा रेनॉल्ड्स यांच्या हातात बसवल्यावर तेथे नवे केस उगवले, हा १९९९ चा प्रयोग या दिशेचा सर्वांत विलोभनीय टप्पा आहे. त्यानंतर पंचवीस वर्षे ‘पाच वर्षांत केसांची शेती’ असे मथळे येत राहिले आणि दवाखान्यात काहीच आले नाही, हेही त्याच प्रयोगाच्या वर्णनासोबत सांगितलेले आहे.

ग्रंथाची रचना रुग्णाच्या निर्णयक्रमाने केलेली आहे : आधी निदान, मग काहीच न करण्याचा पर्याय, मग औषधे, शस्त्रक्रिया आणि शेवटी झाकण्याची साधने, ज्यांत रंगभूमीवरील टोपापासून टाळूवर गोंदलेल्या ठिपक्यांपर्यंत सर्व येते. काहीच न करण्याला दुसरे स्थान देणे वाचकाला अनपेक्षित वाटेल, पण अनुवंशिक टक्कल शरीराला अपाय करत नाही आणि अनेकांना वस्तरा हाच सर्वांत समाधानकारक इलाज ठरतो. प्रत्येक उपचारासोबत एका वर्षाचा खर्च, थांबवल्यास होणारा परिणाम आणि कोणी तो टाळावा हे दिलेले आहे. औषधांच्या मात्रा चाचण्यांतील म्हणून नोंदवल्या असून त्या वाचून स्वतः औषध सुरू करण्यासाठी नाहीत. एकाच खिडकीच्या उजेडात, एकाच अंतरावरून, दर तीन महिन्यांनी स्वतःच्या डोक्याचे छायाचित्र घेण्याची पद्धत सविस्तर समजावलेली आहे, कारण आरसा आणि नातेवाईक हे दोन्ही प्रगतीचे वाईट साक्षीदार आहेत. चाई आणि व्रण ठेवणारे आजार ओळखण्यापुरतेच आले आहेत. त्यांच्या उपचारांना स्वतंत्र पुस्तक लागेल.